सातबारा बघा, मग शर्ट घाला

प्रश्न असा आला आहे: "पुण्याहून कॅनडात, विनिपेगला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. मुलगी दुसरीत आहे. निवासी शाळांत घरापासून तोडून ठेवलेल्या मूळनिवासी मुलांच्या आठवणीत ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालून पाठवा, असा शाळेचा निरोप आलाय. इथल्या मूळच्या लोकांवर अन्याय झाला हे कळतं, वाईटही वाटतं. पण आम्ही कालपरवा आलो. आमच्यावर तर इंग्रजांनीच राज्य केलं. मग या रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे समेटात, आमच्यासारख्या साध्या माणसांनी नेमकं करायचं काय? नुसता शर्ट घालून काय होणार?"

शर्टाचं शेवटी बघू. आधी "आम्ही कालपरवा आलो" याचं बघू. बावीस वर्षं या शहरात समाजकार्य करतेय, आणि हे वाक्य मी जवळपास प्रत्येक नव्या मराठी घरात ऐकलंय. पहिली चार-पाच वर्षं मीही तेच म्हणायचे.

माझे वडील तलाठी होते, नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याच्या बाजूला. जमीन घ्यायला निघालेल्या माणसाला ते सांगायचे, माती नंतर बघा, आधी सातबारा बघा. सातबाऱ्यातही 'इतर अधिकार' हा रकाना नीट वाचा. बोजा आहे का, कूळ आहे का, विहिरीत कोणाचा हिस्सा, वाट कोणाची. बोजा तुम्ही चढवलेला नसतो. पण जमीन नावावर झाली की तो तुमचा होतो, "कर्ज मी काढलं नव्हतं" असं सोसायटीत सांगून भागत नाही. कॅनडात घर घेणारा, भाड्याने राहणारा, नुसतं नळाचं पाणी पिणारा, सगळ्यांचं तेच आहे. म्हणून मी कोणाला अपराधी वाटून घ्या असं सांगत नाही. अपराधी वाटलं की माणूस दोन दिवस हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी विषय टाळतो. देणं असलं की ते फेडायचं असतं, त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

तर विनिपेगचा सातबारा. ३ ऑगस्ट १८७१ रोजी शहराच्या उत्तरेला, लोअर फोर्ट गॅरी इथे, अनिशिनाबे आणि स्वॅम्पी क्री या मूळनिवासी लोकांचा ब्रिटनच्या राणीच्या प्रतिनिधींशी करार झाला. हा करार क्रमांक १, ट्रीटी वन. १९२१ पर्यंत असे ११ क्रमांकित करार झाले आणि त्यांच्या जोरावर पश्चिमेचा अफाट मुलूख वसाहतीसाठी मोकळा झाला. मोबदल्यात पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर राखीव जमीन, शाळा, आणि माणशी वर्षाला तीन डॉलर. १८७५ मध्ये तीनाचे पाच झाले. ते पाच डॉलर आजही दर वर्षी दिले जातात. पाचच. बोलणी चालू असताना गुरं, नांगर, अवजारं देऊ असंही कबूल केलं होतं, ते कागदावर आलंच नाही. चार वर्षं तगादा लावल्यावर ते करारात जोडलं गेलं. बोलीत ठरलेलं खर्ड्यातून गळणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणत्याही कुळाला विचारा. मूळ मुद्दा तर त्याहून मोठा आहे. इंग्रजी कागद म्हणतो जमीन सोडून दिली, आणि समोर बसलेल्यांची समजूत होती की जमीन वाटून वापरायची आहे. प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या गवताळ मैदानी मुलखातल्या, या करारांबद्दल बोलताना म्हातारी माणसं आजही म्हणतात, सूर्य तळपतो आहे, गवत उगवतं आहे, नद्या वाहत आहेत तोवर. आपल्या ताम्रपटांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहीत, ते आणि हे एकच. दिलेला शब्द किती काळासाठी आहे, हे दोन्हीकडे आकाशाकडे बोट दाखवून सांगितलंय.

आता तुमची सही. तुम्ही अजून नागरिक झाला नसाल, पण व्हाल. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातल्या शेवटच्या दोन नव्याने येणाऱ्यांबद्दल आहेत. एक नागरिकत्वाच्या परीक्षेच्या अभ्यासाची, दुसरी शपथेची. जून २०२१ पासून शपथ बदलली आहे. फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी (इथल्या मूळनिवासींचे हे तीन गट) लोकांचे मूळ हक्क आणि करारांतले हक्क मान्य करणारं संविधान मी पाळेन, असं तुम्ही हात वर करून म्हणणार आहात. समारंभात लोक या ओळीवरून भरभर पुढे जातात, कारण लक्ष सगळं फोटोकडे असतं. इतर अधिकाराचा रकाना तोच आहे.

"आमच्यावर इंग्रजांनीच राज्य केलं" हेही खरं. मग हिशेब पुरता लावू. दुसऱ्या चार्ल्सला मुंबई हुंड्यात मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. दोनच वर्षांनी, १६७० मध्ये, याच राजाने हडसन्स बे कंपनीला आजच्या कॅनडाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग सनदेवर लिहून दिला. भाडं होतं दोन एल्क (मोठी हरणं) आणि दोन काळे बीव्हर (पाण्याकाठचे केसाळ प्राणी), तेही राजा किंवा त्याचे वारस तिकडे फिरकले तरच. एकाच दरबारातली ही दोन भाडेपत्रं आहेत, आणि दोन्हीत जमीन देणाऱ्याची नव्हती. पोर्टेज अ‍ॅव्हेन्यूवर त्या कंपनीची जी भलीमोठी जुनी इमारत आहे, ती २०२२ मध्ये सदर्न चीफ्स ऑर्गनायझेशन या फर्स्ट नेशन्सच्या संघटनेकडे सोपवली गेली. त्या वेळी कंपनीने मानाची म्हणून बीव्हर आणि एल्कची कातडीच स्वीकारली. कधी त्या बाजूला गेलात तर मुलीला ही गोष्ट सांगा, तिला मुंबईही समजेल आणि विनिपेगही.

पण साम्य इथपर्यंतच. आपल्याकडून इंग्रज गेले. इथे गेले नाहीत, आणि त्यांच्या व्यवस्थेत आपण मागून येऊन जागा धरली. ब्रिटिश कोलंबियात १९०७ पासून आपल्या लोकांना मत नव्हतं, ते १९४७ मध्ये मिळालं. फर्स्ट नेशन्सच्या माणसांना मूळनिवासी म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९६० उजाडलं. ज्यांची भूमी, ते आपल्या मागे तेरा वर्षं. म्हणून "आम्हीही भोगलंय" हे वाक्य खरं असलं, तरी पहिल्या भेटीत त्यांच्यासमोर टाकायचं नाही. कोणाच्या घरी मयतीला गेल्यावर आपल्या घरची मयत सांगत बसावं, तसं ते होतं.

निवासी शाळांचा इतिहास मुलीला शाळेत कळेल, तुम्हीही वाचालच. १३० हून अधिक शाळा, सुमारे दीड लाख मुलं, घरातून तोडलेली, भाषेबद्दल मार खाल्लेली. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे तुम्ही स्वतः शाळेत जात होतात तेव्हा. चार हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद आतापर्यंत झाली आहे. ती कागदपत्रं ज्या राष्ट्रीय केंद्रात आहेत, ते आपल्याच मॅनिटोबा प्रांतातल्या मॅनिटोबा विद्यापीठात आहे. माझं काम मात्र त्याच्या पुढच्या पिढीशी आलं. शाळा बंद झाल्या, पण मुलं उचलून नेणं थांबलं नाही. २०२१ च्या जनगणनेत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मूळनिवासी मुलं होती ७.७ टक्के, आणि परक्या घरी सरकारी देखरेखीत ठेवलेल्या मुलांमध्ये ५३.८ टक्के. मॅनिटोबात हा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास असतो. २०१६ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाने स्पष्ट म्हटलं की केंद्र सरकार या मुलांच्या सेवांना कमी पैसे देऊन भेदभाव करत आलं आहे, आणि २०२३ मध्ये २३ अब्ज डॉलरच्या भरपाईला मंजुरी मिळाली. मी अशा घरांत गेले आहे जिथे आजीला शाळेत नेलं होतं, आईला दत्तक दिलं होतं आणि नातू आता 'केअर'मध्ये आहे. अशाच एखाद्या बाईला आपण सिग्नलला बघतो आणि गाडीची काच वर करतो.

आता करायचं काय. माझ्या अनुभवात आपल्या लोकांसाठी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे शनिवारच्या पॉटलकमध्ये तोंड उघडणं. पुलाव वाढून झाला की कोणीतरी सुरू करतं. "यांना सगळं फुकट असतं, टॅक्स नाही, शिक्षण फुकट, तरी दारू पिऊन पडलेले." हा सूर तुम्ही ओळखता. आरक्षणाबद्दल आपल्या दिवाणखान्यांत जे बोललं जातं, तोच आहे. लोणच्याच्या बरणीबरोबर तोही आपण सूटकेसमध्ये घालून आणलाय, फक्त नाव बदललंय. भांडू नका. माहिती द्या आणि भाजी पुढे करा. आयकराची सूट फक्त कायदेशीर 'स्टेटस' असलेल्यांना, आणि ढोबळमानाने राखीव वस्तीवर कमावलेल्या उत्पन्नालाच. विनिपेगमध्ये ऑफिसात काम करणारी फर्स्ट नेशन्सची बाई तुमच्याइतकाच कर भरते. मेटी आणि इनुइट लोकांना ही सूट नाहीच. शिक्षणाचा निधी ठरावीक असतो, तो प्रत्येकापर्यंत पोहोचत नाही. आणि 'रेड इंडियन' हा शब्द घरात बंद करा, 'एस्किमो'सुद्धा. मराठी गोष्टींच्या पुस्तकांतून ते आपल्याला चिकटले, पण पोरं ते शाळेत नेतात. शक्य असेल तिथे लोकांचं स्वतःचं नाव घ्या. अनिशिनाबे, क्री, डकोटा, डेने. 'भारतीय जेवण' म्हटल्यावर आपण नाही का म्हणत, की बाबा, हे मराठी आहे?

दुसरं म्हणजे बेसमेंट. दोन-तीन वर्षांत तुम्ही घर घ्याल, खालचा भाग भाड्याने द्याल. फोनवर बोलताना सगळं ठरतं, मूळनिवासी माणूस दारात आला की "अहो, आत्ताच दुसऱ्याला दिली." मी अशा भाडेकरूंबरोबर दारात उभी राहिले आहे, आणि दार उघडणारा एकदा मराठी निघाला. मॅनिटोबाच्या मानवी हक्क कायद्यानुसार असा भेदभाव सर्वसाधारणपणे बेकायदा आहे, पण कायद्यापेक्षा मला त्या दाराची लाज जास्त वाटली. दादर-पुण्यात आपण ओळखीपाळखीतून आडनावं हुंगतो, तेच नाक इथे घेऊन आलोय. ज्याच्या हातात भाड्याची एक खोली आहे, किंवा ऑफिसात एका मुलाखतीचा निर्णय आहे, त्याने तेवढंच सरळ केलं तरी मला दहा मोर्चांइतकं वाटेल. तुमच्यापैकी कोणी दवाखान्यात काम करत असेल, तर २००८ मध्ये याच शहरातल्या एका रुग्णालयात वाट बघत वारलेल्या ब्रायन सिंक्लेअर यांची गोष्ट वाचा. ३४ तास ते व्हीलचेअरमध्ये बसून होते. ते पिऊन पडलेत, किंवा त्यांना फक्त निवारा हवाय, असं लोकांनी गृहीत धरलं.

नळाचं पाणी मी मुद्दाम वर म्हटलं. विनिपेगचं पाणी मॅनिटोबा-ऑन्टॅरिओच्या सीमेवरच्या शोल लेकमधून येतं, १९१९ पासून, दीडशेहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून. ती बांधताना शोल लेक ४० या फर्स्ट नेशनची वस्ती कालवा खणून बेटासारखी तोडली गेली. आपण इथे स्वच्छ पाणी पीत होतो, आणि त्याच तळ्याच्या काठचे लोक १९९७ पासून २४ वर्षं पाणी उकळून किंवा बाटल्यांतून पीत होते. कोयनेचं, उजनीचं पाणी कोणाकडे गेलं आणि उठलं कोण, हे माहीत असलेल्या मराठी माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. पण पुढचं ऐका. त्या वस्तीतल्या लोकांनी रस्त्यासाठी वर्षानुवर्षं रेटा लावला आणि विनिपेगमधली साधी माणसं, चर्चमधली, शाळांमधली, त्यांच्या मागे उभी राहिली. आमदार-खासदारांना पत्रं लिहिली, सभांना जाऊन बसली. २०१९ मध्ये 'फ्रीडम रोड' झाला, २०२१ मध्ये पाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. पत्र लिहून काय होतं, असं कोणी म्हटलं की मी हा रस्ता दाखवते. मात्र मागणी त्यांनी ठरवली होती, बाकीच्यांनी री ओढली. आपल्याला सवय आहे गावात जाऊन "तुम्हाला काय हवंय ते आम्ही सांगतो" म्हणायची. ऑन्टॅरिओतल्या नेस्कांटागा या फर्स्ट नेशनला १९९५ पासून पाणी उकळून प्यायची सूचना लागू झाली. तुमच्या उमेदवाराला प्रचाराच्या वेळी दारातच त्याबद्दल विचारा.

माझी एक चूक सांगते. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी एका एल्डर बाईंना, म्हणजे मूळनिवासी समाजातल्या मानाच्या वडीलधाऱ्या बाईंना बोलावलं, सुरुवातीला चार शब्द बोलायला. त्यांना तीन मिनिटं दिली. न्यायला गाडी पाठवली नाही. मानधन ठरवलं नव्हतं. त्या बोलत असताना मागे समईची वात नीट करणं चालू होतं. झाल्यावर शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला, आणि त्या नोव्हेंबरच्या थंडीत बसने परत गेल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, यंदा जमणार नाही. मला कळायला तेवढं पुरलं. इथे दक्षिण मॅनिटोबात एल्डरला काही विनंती करायची तर आधी प्रत्यक्ष भेटून तंबाखू पुढे करतात. त्यांनी घेतली तर विनंती मान्य. आपल्याकडे विडा-सुपारी देतात ना, तसंच. बाजारातून महागडं पाकीट नको, चिमूटभर तंबाखू कापडात बांधली तरी चालते. इनुइट लोकांत ही रीत नाही, तेव्हा आधी विचारा. मानधन वेगळं, ते पाकिटात आणि त्याच दिवशी, "नंतर ट्रान्सफर करतो" असं नाही. म्हाताऱ्या माणसाला पहिलं ताट. यात आपल्याला शिकण्यासारखं नवीन काहीच नाही, आपण फक्त ते आपल्याच माणसांसाठी राखून ठेवतो.

मंडळाच्या कार्यक्रमाआधी 'आपण ट्रीटी वनच्या भूमीवर आहोत' असं निवेदन वाचलं जातं. सिनेमाआधी तंबाखूविरोधी जाहिरात लागते, तशा चेहऱ्याने लोक ते ऐकतात. वाचायचंच असेल तर एक वाक्य स्वतःचं घाला, शोल लेकच्या पाण्याबद्दल, किंवा केनॅस्टन रस्त्यावरून रोज जाताना दिसणाऱ्या नावी-ओडेनाबद्दल. लष्कराची जुनी बराक होती ती जागा. ट्रीटी वनच्या सात फर्स्ट नेशन्सनी वर्षानुवर्षं कोर्टात झगडून ती मिळवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती राखीव जमीन झाली. "आता तिथे काय करणार हे लोक?" असं आपल्या ग्रुपवर कोणी विचारतं. त्यांची जमीन आहे, ते ठरवतील. तुमच्या बाणेरच्या फ्लॅटचं तुम्ही काय करणार, हे कोणी विचारतं का? वडिलांच्या दप्तरात आदिवासी खातेदाराची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नव्हती, जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ अ. गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा कायदाही होता. तरी त्या जमिनी कशा जात, कोणाच्या नावावर फिरत, हे घरी रात्री जेवताना कानावर पडायचं. वडील फेरफार नोंदवायचे. मी तेव्हा काही विचारलं नाही. इथे आल्यावर विचारायला लागले, कारण इथे ते माझं गाव नव्हतं. हे मला अजून टोचतं, म्हणून सुट्टीत जाल तेव्हा सुरगाणा-पेठकडेही बघा, एवढंच म्हणते. कपबशीवर वारली चित्र छापणाऱ्यांपैकी किती जणांनी वारली घरातून चित्र विकत घेतलंय? इथल्या ड्रीमकॅचरचं तेच आहे. कोणी केलं, पैसे कोणाला जातात, हे दुकानदाराला विचारायला लाजू नका.

मे महिन्यात मनिटो आबी महोत्सवाचा पाववाव, म्हणजे मूळनिवासींचा नाच-गाण्याचा मेळा असतो, सगळ्यांना खुला. जा. ग्रँड एन्ट्रीला, म्हणजे नाचणारे रिंगणात येतात तेव्हा, उभं राहायचं, टोपी काढायची, निवेदक नको म्हणतो तेव्हा फोटो काढायचे नाहीत. नाचणाऱ्यांच्या अंगावर असतो तो 'कॉश्च्युम' नव्हे, रेगेलिया म्हणतात. हात लावायचा नाही. बॅनक हा तिथला पाव खाल्ल्याशिवाय येऊ नका, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा, कणीक बऱ्याचदा डुकराच्या चरबीत मळलेली असते. नॉर्थ एंडला घर घेऊ नका, तिकडे फिरकूही नका, असं तुम्हाला विमानतळावरच सांगितलं गेलं असेल. तिथेच बेअर क्लॅन पेट्रोल हे स्वयंसेवकांचं गस्तीपथक रात्री रस्त्यांवर फिरतं. टीना फॉन्टेन या पंधरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर २०१४ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. वाटेतल्या सुया उचलतात, खायला देतात, कोणाला घरी सोडतात. स्वयंसेवक कोणीही होऊ शकतो. महिन्यातून एक रात्र द्या. तिथे तुम्ही कोणाला तारायला जात नाही, सांगतील तिथे पिशवी धरायला जाता.

आता शर्ट. फिलिस वेब्स्टॅड सहा वर्षांच्या होत्या, १९७३ साल. ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या निवासी शाळेत जाण्यासाठी आजीने त्यांना दुकानातून चकचकीत नारिंगी शर्ट घेऊन दिला. पहिल्याच दिवशी शाळेने कपडे काढून घेतले. शर्ट परत मिळाला नाही. २०१३ मध्ये त्यांनी ही गोष्ट जाहीर सांगितली, त्यावरून हा दिवस पाळला जाऊ लागला, आणि २०२१ पासून ३० सप्टेंबर ही केंद्र सरकारची सुट्टी आहे. आपलं नवरात्र त्याच सुमारास येतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ रंगांची यादी फिरत असते. एका वर्षी एका आईने पोराला ढोलपथकाचा भगवा कुर्ता घालून पाठवलं होतं. बाईंनी कौतुकच केलं, पण का घातला हे पोराला सांगता आलं नाही. तुमची मुलगी सात वर्षांची असेल, म्हणजे ही गोष्ट तिला सांगायचं वय झालंय. मराठीत सांगा. आजीने घेतलेला नवा कपडा आणि शाळेचा पहिला दिवस, तिला सगळं समजेल. "मग तो शर्ट त्यांना परत का नाही दिला?" असं ती विचारेल, तेव्हा गोड शेवट जोडू नका.

शर्ट मोठ्या दुकानातला स्वस्त घेऊ नका. मूळनिवासी चित्रकारांनी काढलेल्या चित्रांचे, त्यांच्याच दुकानांतून मिळतात, थोडे महाग पडतात. आत्ताच घ्या. शेवटच्या आठवड्यात लहान मुलांची मापं शिल्लक नसतात.